फी ट्रेनिंगची की नोकरीची?

‘जर्मनीत नोकरी. भाषा शिका, व्हिसा आम्ही बघतो.’ ‘जपानमध्ये काम, स्पॉन्सरशिपसह.’ ‘मर्चंट नेव्ही, दहावी-बारावी पास, जॉइनिंगची गॅरंटी.’ ‘अमेरिकेत आयटी ट्रेनिंग, एच-वन-बी करून देतो.’

असं काहीतरी तुम्हीही पाहिलंच असेल. कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, एसटी स्टँडजवळच्या भिंतीवर, नाहीतर रील स्क्रोल करता करता. देश बदलतो, विमानाचा फोटो तोच राहतो. आणखी एक गोष्ट बदलत नाही. ट्रेनिंग, व्हिसा आणि नोकरी या तीन वेगळ्या गोष्टी एकाच पाकिटात घालून विकलेल्या असतात. फी एक, माणूस एक, ऑफिसही एकच. आपल्यालाही ते बरं वाटतं. सगळं एका खिडकीवर होत असेल तर कोणाला नको आहे?

माझं म्हणणं एवढंच आहे की पैसे द्यायच्या आधी ते पाकीट फोडून बघा. ट्रेनिंगचे किती, व्हिसाचे किती आणि नोकरीचे किती, हे वेगवेगळं विचारा. या एका प्रश्नावर निम्म्या ऑफिसांतलं हसू मावळेल.

जायला हरकत नाही

‘कशाला परदेशात जाता, इथंच काहीतरी करा,’ असा उपदेश करायला मी बसलेली नाही. आपल्या जिल्ह्यात असलं काही बोलायची सोयही नाही. खेड, दापोली, चिपळूण, राजापूरकडच्या कितीतरी घरांचे चिरे आखातातल्या पगारातून बसलेत. त्याआधी मुंबईच्या गिरण्यांतून मनीऑर्डर यायची आणि त्यावर गावची चूल पेटायची. कोणाचे काका कुवेतला, कोणाचे मामू सौदीत, कोणाचा भाऊ जहाजावर. घर सोडून कमवायला जाणं आपल्याला नवीन नाही.

नवीन आहे ती मधली माणसं. पूर्वी बरेचदा गाववाला गाववाल्याला घेऊन जायचा. त्यातही फसवणूक व्हायची, पण फसवणाऱ्याचं घर आपल्याला माहीत असायचं. आता मधे काचेचं केबिन आहे, एसी आहे, ‘कन्सल्टन्सी’ अशी पाटी आहे. शिवाय समोरचा ‘नोकरी लावतो’ असं तोंडानं म्हणतो, पण कागदावर ‘शिकवतो’ असं लिहितो. सगळी गोम या लिहिण्यातच आहे.

पावतीवर ‘नोकरी’ का नसते?

परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करणं हा आपल्या देशात परवान्याचा धंदा आहे. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार, म्हणजे इमिग्रेशन नव्हे तर एमिग्रेशन ॲक्टनुसार, परराष्ट्र मंत्रालयातल्या ‘प्रोटेक्टर जनरल ऑफ एमिग्रंट्स’कडून नोंदणी प्रमाणपत्र घेतल्याशिवाय अशी भरती करता येत नाही. ज्याच्याकडे परवाना आहे, त्यानंही उमेदवाराकडून किती घ्यायचं ते ठरलेलं आहे. जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी. १८ टक्क्यांनी हिशेब केला तर ३५ हजार ४००. तेही पावती देऊन.

मग तुमच्या ओळखीतल्या कोणाला दीड लाख, कोणाला तीन लाख सांगितले जातात ते कोणत्या हिशेबानं? पावती काढून बघा. तिच्यावर ‘नोकरी’ हा शब्द सापडणार नाही. ‘ट्रेनिंग फी’, ‘डॉक्युमेंटेशन’, ‘प्रोसेसिंग’, ‘काउन्सेलिंग’ असं काहीतरी असेल. भरतीच्या पैशाला मर्यादा आहे, क्लासच्या फीला नाही. भरतीला परवाना लागतो, क्लास काढायला तो लागत नाही. म्हणून नोकरी विकायची आणि पावती क्लासची फाडायची.

याचा परिणाम कधी कळतो? काम झालं नाही, तुम्ही पैसे परत मागायला गेलात, की. समोरचा शांतपणे म्हणतो, ‘आम्ही कुठं नोकरी देतो म्हणालो? आम्ही क्लास चालवतो. साठ तास शिकवलं, ही बघा हजेरी, ही तुमची सही.’ आणि खरंच तुमची सही असते.

विनापरवाना भरतीला शिक्षा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड. हो, दोन हजारच. १९८३ मध्ये ती रक्कम मोठी वाटली असेल. आज तेवढ्यात तुमच्या ‘प्रोसेसिंग’चं एक पानही पुढे सरकत नाही. पोलीस फसवणुकीची कलमंही लावतात, पण त्यासाठी फसवणूक कागदावर सिद्ध व्हावी लागते. आणि कागद तर त्यांनी आधीच क्लासचे करून ठेवलेत.

दहावी पास असण्याची गंमत

आता थोडं तुमच्या पासपोर्टविषयी. आखातात मजुरीला जाणाऱ्या, दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शेरा असतो. असा माणूस १८ ठरावीक देशांत, त्यात आखाती देश आले, कामाला निघाला तर त्याला आधी सरकारची मंजुरी घ्यावी लागते. त्याचा करार ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर चढतो, मालक कोण ते दिसतं, विमा काढावा लागतो. ही चाळणी परिपूर्ण नाही. पण निदान चाळणी आहे.

तुम्ही दहावी पास आहात, कॉलेजात आहात. त्यामुळे तुमच्या पासपोर्टवर तो शेरा नाही आणि साधारणपणे तुम्हाला ही मंजुरीही लागत नाही. जर्मनी, ब्रिटन, जपान, अमेरिका हे देश तर त्या १८ मध्ये नाहीतच. ‘शिकलेला माणूस स्वतःचं बघेल’ असं सरकारनं धरून चाललेलं आहे. म्हणजे गवंडीकाम करायला मस्कतला निघालेल्या माणसाचा करार कोणीतरी एकदा तरी बघतो. बी.एस्सी. होऊन बर्लिनला निघालेल्या मुलीचा करार तिच्याशिवाय कोणी बघत नाही. आणि ती बघते का? बरेचदा तो तिच्या हातात पडतो तोच विमानाच्या तिकिटासोबत.

दलाली कोणी द्यायची?

हे समजायला परदेशात जायची गरज नाही, वाशीच्या मार्केटपर्यंत गेलं तरी पुरे. हापूसची पेटी दलालाकडे गेली की अडत कापली जायची ती बागायतदाराच्या पट्टीतून. माल आपला, मेहनत आपली आणि विकून दिल्याबद्दल पैसेही आपलेच. २०१६ मध्ये राज्यात निर्णय झाला की फळं-भाज्यांची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची. प्रत्यक्षात काय होतं यावर बागायतदार तासभर बोलतील, पण तत्त्व सरळ आहे. ज्याला माल हवा, त्यानं दलाली द्यावी.

माणसांच्या बाबतीतही जगानं हेच मान्य केलंय. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारात खासगी रोजगार संस्थांनी कामगाराकडून फी घेऊ नये असं म्हटलंय. ज्या कंपनीला खरोखर वेल्डर, नर्स किंवा प्रोग्रॅमर हवा आहे, ती त्याला शोधायला खर्च करते. जो माणूस नोकरी देण्याबद्दल तुमच्याकडून लाखभर मागतो, त्याचा गिऱ्हाईक कोण? कंपनी नाही. तुम्ही. त्याचा नफा तुमची फी जमा झाली त्या दिवशी पूर्ण झाला. पुढे तुम्ही विमानात बसलात काय, न बसलात काय, त्याच्या हिशेबाला फरक पडत नाही.

मुंबईहून मिसिसिपीला

हे सगळं तोंडानं सांगून पटत नसेल तर एक खरी गोष्ट सांगते. २००५ मध्ये कॅटरिना चक्रीवादळानं अमेरिकेचा दक्षिण किनारा झोडपून काढला. त्यानंतर सिग्नल इंटरनॅशनल या जहाजबांधणी कंपनीला मिसिसिपी आणि टेक्सासमधल्या यार्डांसाठी वेल्डर आणि पाइपफिटर हवे होते. भारतातून सुमारे ५०० माणसं नेण्यात आली. भरती करणाऱ्यांत मुंबईची देवान कन्सल्टंट्स ही संस्था होती आणि कागदपत्रांसाठी अमेरिकेतला एक वकील होता. नोकरी मिळेल, पुढे ग्रीन कार्ड मिळेल, कुटुंबाला नेता येईल, असं या माणसांना सांगितलं गेलं. त्यासाठी एकेकानं दहा हजार डॉलर आणि त्याहूनही जास्त पैसे भरले. कोणी जमीन विकली, कोणी कर्ज काढलं.

तिकडे गेल्यावर कळलं की व्हिसा एच-टू-बी आहे. म्हणजे तात्पुरत्या कामाचा आणि त्या एकाच मालकाशी बांधलेला. ग्रीन कार्डाचा पत्ता नाही. राहायला यार्डातलीच छावणी, एका ट्रेलरमध्ये २४ जण, आणि त्यासाठी पगारातून महिन्याला सुमारे १,०५० डॉलरची कपात. काम सोडावं तर व्हिसा जातो, परत जावं तर सावकार दारात उभा. २००८ मध्ये त्यातल्या अनेकांनी काम सोडलं, न्यू ऑर्लिन्सहून वॉशिंग्टनपर्यंत यात्रा काढली, उपोषण केलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या फेडरल कोर्टातल्या ज्युरीनं पाच कामगारांना मिळून सुमारे १ कोटी ४० लाख डॉलरची भरपाई द्यायला सांगितली. ती कंपनी, तो वकील आणि मुंबईची ती कन्सल्टन्सी, तिघांनाही जबाबदार धरलं. त्याच वर्षी सिग्नल दिवाळखोरीत गेली आणि बाकीच्या कामगारांशी २ कोटी डॉलरची तडजोड झाली.

न्याय मिळाला, असं म्हणता येईल. पण तारखा बघा. पैसे भरल्यापासून निकालापर्यंत आठ-नऊ वर्षं गेली. आणि ही माणसं काही अडाणी नव्हती. चांगली कसबी होती. त्यांना वेल्डिंग येत होतं, व्हिसाचा प्रकार वाचता येत नव्हता. तो वाचून सांगायचं काम ज्याच्यावर सोपवलं, तोच विकणारा होता.

व्हिसा तुमचा, स्पॉन्सर त्यांचा

‘स्पॉन्सरशिप’ हा शब्द आपल्याला क्रिकेटच्या जर्सीवरून माहीत आहे, म्हणून तो कौतुकाचा वाटतो. कामाच्या व्हिसात त्याचा अर्थ साधा आहे. तुमचं त्या देशात राहणं एका कंपनीच्या नावाला टांगलेलं असतं. कंपनी पडली की तुम्ही पडलात.

ब्रिटनचं उदाहरण अगदी ताजं आहे. २०२२ पासून तिथं वृद्धांची काळजी घेणाऱ्या केअर वर्करना व्हिसा मिळू लागला. भारतातूनही मुलं-मुली गेली. स्पॉन्सरशिपचं प्रमाणपत्र, जे मालकानं स्वतःच्या खर्चानं घ्यायचं, तेच मधल्या लोकांनी लाखो रुपयांना विकलं. कित्येकांना तिथं गेल्यावर पुरेसं कामच नव्हतं. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात ब्रिटन सरकारनं केअर क्षेत्रातल्या ४७० हून जास्त कंपन्यांचे स्पॉन्सर परवाने रद्द केले. त्या कंपन्यांशी ३९ हजारांहून जास्त कामगार जोडलेले होते. परवाना गेला की कामगाराला नवा स्पॉन्सर शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. चूक कंपनीची आणि बॅग भरायची तुम्ही. जुलै २०२५ पासून तर परदेशातून नवे केअर वर्कर घेणंच त्यांनी बंद केलं.

अमेरिकेत एम.एस. करणाऱ्यांना दुसरा सापळा भेटतो. शिक्षण संपल्यावर मिळणाऱ्या ओपीटीच्या काळात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेरोजगार राहता येत नाही. नोकरी मिळेना आणि दिवस मोजले जातायत, अशा वेळी कन्सल्टन्सीचा फोन येतो. ‘आमच्याकडे ट्रेनिंग घे, तुला पे-रोलवर दाखवतो, रेझ्युमेत पाच वर्षांचा अनुभव टाकतो, पुढे एच-वन-बी करतो.’ मग ‘बेंच’वर बसवतात, म्हणजे क्लायंट मिळेपर्यंत बिनपगारी. अमेरिकेचा कायदा काय सांगतो? एच-वन-बीवर असलेल्या माणसाला काम दिलं नाही तरी मालकानं पगार द्यायचा, आणि अर्जाची फी कामगाराच्या खिशातून काढायची नाही. म्हणजे बिनपगारी बेंच ही त्या कंपनीची ‘पद्धत’ नसते, तो नियमभंग असतो. पण खोटा अनुभव ज्या रेझ्युमेत आहे तो तुमचा. अर्जावर सही तुमची. उद्या अधिकाऱ्यानं फाइल उघडली तर कन्सल्टन्सी नवीन नावानं उभी राहील. तुमचं नाव तेच राहणार आहे.

जानेवारी २०१९ मध्ये मिशिगनमधल्या ‘युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन’चं प्रकरण बाहेर आलं, ते आठवा. ते विद्यापीठ सरकारी यंत्रणेनंच एजंट पकडायला उभं केलेलं खोटं विद्यापीठ होतं. सुरुवातीला अटक झालेल्या १३० विद्यार्थ्यांत १२९ भारतीय होते. एजंट पकडायला लावलेल्या जाळ्यात गिऱ्हाइकंच जास्त अडकली. आता सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेनं बाहेरून येणाऱ्या नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलंय. तुमच्या दोन लाखांच्या कोर्ससाठी कोणी तुमच्यावर जवळपास ऐंशी-नव्वद लाख रुपये खर्च करणार आहे का, हा हिशेब पाचवीतलं पोरगंही करील.

घराजवळचा समुद्र

हे सगळं लांबचं वाटत असेल तर आपल्याकडे वळू. किनाऱ्यावरच्या मुलांना मर्चंट नेव्हीचं वेड असणं साहजिक आहे. पगार डॉलरमध्ये, युनिफॉर्म, जगभर फिरणं. इथंही तेच पाकीट विकलं जातं, कोर्स अधिक जॉइनिंग.

नियम इथं तर आणखी स्पष्ट आहेत. कोर्स नौवहन महासंचालनालयानं, म्हणजे डीजी शिपिंगनं मान्यता दिलेल्या संस्थेचाच हवा. जहाजावर भरती करणाऱ्याकडे त्यांचाच आरपीएसएल परवाना हवा. आणि सागरी कामगारांच्या ज्या आंतरराष्ट्रीय कराराला भारतानं २०१५ मध्ये मान्यता दिली, त्यानुसार नोकरी देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घ्यायचेच नाहीत. तीस हजारही नाहीत. मेडिकल, पासपोर्ट, सीडीसी असे ठरावीक खर्च तुमचे, बाकी जहाजमालकाचे. तेव्हा ‘जॉइनिंगचे तीन लाख’ असं कोणी म्हणालं की त्याच क्षणी उठायला हरकत नाही. चहा प्यायला नसेल तरी.

फी बुडणं हे सर्वांत कमी नुकसान

पैसे गेले तर वाईट, पण माणूस घरी असतो. कधीकधी तोही नसतो. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं इशारा दिला होता की थायलंडमध्ये ‘डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह’च्या नोकऱ्या सांगून आयटी येणाऱ्या तरुणांना म्यानमारमध्ये नेलं जातंय आणि डांबून ठेवून ऑनलाइन फसवणूक करायला लावली जातेय. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी अशा ५४९ भारतीयांना परत आणलं. त्याच्या पुढच्या महिन्यात महाराष्ट्र सायबरनं म्यानमारमधून ६० हून अधिक जणांची सुटका केल्याचं जाहीर केलं. नीट बघा, निवड कोणाची झाली होती. कॉम्प्युटर येणाऱ्या, इंग्रजी जमणाऱ्या मुलांची. म्हणजे आपली.

मार्च २०२४ मध्ये सीबीआयनं रशियाच्या प्रकरणात मुंबईसह सात शहरांत छापे घातले. गुन्हा व्हिसा कन्सल्टन्सी कंपन्या आणि एजंटांवर होता. हेल्पर, सिक्युरिटी गार्ड अशा नोकऱ्या सांगून नेलेल्या तरुणांना तिथं लढाईचं ट्रेनिंग देऊन युक्रेनच्या आघाडीवर पाठवलं गेलं, असा आरोप आहे. काहींचे मृतदेहच घरी आले.

‘पण त्याचं तर काम झालं ना?’

हा प्रश्न हमखास येतो, आणि तो चुकीचा नाही. काहींचं काम होतं. ज्याचं झालं तो विमानतळावरचा फोटो टाकतो, आणि तोच फोटो एजंटाच्या स्टेटसवर वर्षभर फिरतो. ज्याचं झालं नाही तो काय टाकणार? तो गप्प बसतो, कारण वडिलांनी बाग गहाण टाकलीय आणि वाडीत सगळ्यांना पेढे वाटून झालेत. आपल्याला दिसतात ते पेढे. बाग दिसत नाही.

दुसरं म्हणजे सगळं ट्रेनिंग खोटं नसतं. जर्मनीत जायचं तर जर्मन यायलाच हवं. नर्सिंगसाठी साधारण बी-टू पातळीपर्यंत. जपानच्या ‘स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर’ व्हिसासाठी एन-फोर किंवा त्या तोडीची परीक्षा लागते. हे शिकवणारे प्रामाणिक शिक्षक आहेत आणि त्यांनी फी घेतलीच पाहिजे. फरक ओळखायची माझी कसोटी अशी : व्हिसा बाजूला काढला तर या ट्रेनिंगला बाजारात किंमत उरते का? गोएथे इन्स्टिट्यूटची परीक्षा किंवा जपानची जेएलपीटी तुम्ही कोणत्याही क्लासमध्ये शिकून देऊ शकता. निकाल त्रयस्थ संस्था लावते आणि प्रमाणपत्र तुमच्यासोबत कुठल्याही मालकाकडे जातं. याउलट ज्या ‘सर्टिफिकेट’ला फक्त ते देणाऱ्याच्याच ऑफिसात मान आहे, ते पावतीचं दुसरं पान समजा.

सरकारी वाटाही आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला. त्यात भाषेचं शिक्षण सरकारी खर्चानं द्यायचं ठरलं. अशा वाटा सावकाश सरकतात, फॉर्म भरून वाट बघावी लागते, हे खरं. पण दोन सरकारांना ज्याला वेळ लागतो ते कोणी तीन महिन्यांत करून देतो म्हणाला, तर तो काय गाळतोय हे विचारायला नको?

पाकीट कसं फोडायचं

तेव्हा ऑफिसात जाल तेव्हा एवढं करा.

परवाना नंबर मागा. तो ई-मायग्रेट पोर्टलवर घालून बघा. तिथं परवाना चालू आहे की संपलाय ते दिसतं, आणि विनापरवाना एजंटांची यादीही असते. ‘आम्ही मुंबईच्या मोठ्या कंपनीचे सब-एजंट आहोत’ असं उत्तर आलं तर तो परवाना नाही, ते उत्तर आहे.

मालकाचं नाव मागा, देशाचं नव्हे. ब्रिटनच्या परवानाधारक स्पॉन्सर कंपन्यांची यादी सरकारी साइटवर कोणालाही वाचता येते. डीजी शिपिंगची यादीही. मालकाचं नाव ‘गुप्त’ असेल तर मालक नाही.

व्हिसाचा प्रकार लिहून घ्या आणि त्या देशाच्या दूतावासाच्या साइटवर स्वतः वाचा. टुरिस्ट व्हिसावर जाऊन ‘तिथं कन्व्हर्ट करू’ असं म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा.

पैसे बँकेतून द्या, पावतीवर कशाचे ते लिहून घ्या. मूळ मार्कशीट, कोरे चेक आणि पासपोर्ट ठेवून घेऊ देऊ नका. पासपोर्ट कायद्यानं भारत सरकारच्या मालकीचा आहे. तो एजंटाच्या ड्रॉवरमध्ये असायचं कारण नाही.

शंका आली तर परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा १८००-११-३०९० हा टोल फ्री नंबर आहे. मुंबईत प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात आहे. आपल्याकडून रात्रीच्या गाडीनं निघालं तर सकाळी दादरला उतरता येतं. तीन लाख देण्याआधी एवढा प्रवास महाग नाही.

आणि कॉलेजांना एक मागणी

सगळा भार विद्यार्थ्यावर टाकणं मला पटत नाही. अशा कन्सल्टन्सींची ‘करिअर मार्गदर्शन’ शिबिरं अनेकदा कॉलेजच्या सभागृहातच भरतात. प्राध्यापक स्वागत करतात, शाल-श्रीफळ होतं, फोटो छापून येतो. मुलाला वाटतं, कॉलेजनं बोलावलंय म्हणजे खात्रीचं असणार. वर्षभरानं फसलेला मुलगा येतो तेव्हा कॉलेज म्हणतं, आम्ही फक्त हॉल दिला होता.

म्हणून जिल्ह्यातल्या प्रत्येक कॉलेजनं, आयटीआयनं आणि पॉलिटेक्निकनं एक साधा नियम करावा. परदेशी नोकरीचं नाव घेणाऱ्या कोणालाही परवाना नंबर तपासल्याशिवाय स्टेज द्यायचं नाही, आणि तो नंबर नोटीस बोर्डावर लावायचा. प्लेसमेंट सेलच्या एका माणसाला यासाठी दहा मिनिटं लागतील. त्यानं केलं नाही तर आपण विद्यार्थ्यांनी विचारू. आणि आपण, म्हणजे वर्तमानपत्रांनीही, जाहिरात घेताना हेच विचारावं. सिग्नलच्या कामगारांना ती नोकरी पहिल्यांदा वर्तमानपत्रातल्या जाहिरातीतच दिसली होती.

जा, जरूर जा. भाषा शिका, कसब शिका, परीक्षा द्या, स्वतः अर्ज करा. फक्त कोणी लाखाचा आकडा सांगितला की खुर्चीत थोडं पुढे सरकून एकच विचारा, ‘हे पैसे ट्रेनिंगचे की नोकरीचे?’ ट्रेनिंगचे असतील तर नोकरीची हमी कशाची देताय? नोकरीचे असतील तर परवाना दाखवा आणि तीस हजारांवरचे परत करा. उत्तर काहीही येवो, ते लिहून आणि सही करून मागा. आपलं कोकणी माणसाचं एक बरं आहे. आपल्याला चौकश्या करायची सवय आहे. ती इथं वापरा.